कुर्त्याच्या टॅगमागची भानगड

इतवारीत माझ्या मैत्रिणीचं कुर्त्यांचं छोटंसं युनिट आहे, सहा मशीनचं. टॅगवर तिला 'गॉट्स' हवंय, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड. मला वाटलं, सेंद्रिय कापूस घेतला की झालं. छे! 'ऑरगॅनिक' लिहायला किमान 95 टक्के धागा सेंद्रिय लागतो. वर जिनिंगपासून शिलाईपर्यंत प्रत्येकाकडे सर्टिफिकेट, रंगाईचं सांडपाणी शुद्ध केलेलं, कारागिरांचा पगार नियमात. तपासणी दरवर्षी, फी अर्थातच आपली.

गाडी अडली रंगारीकाकांपाशी. ते तिच्या बाबांच्या वेळपासूनचे. "त्यांना कसं सांगू बे?" चहा गार होईस्तोवर हेच चाललं होतं. काल तिनं सांगितलं एकदाचं. काकांनी एवढंच विचारलं, "पाणी साफ करायचं मशीन बसवलं, तर दिवाळीची ऑर्डर पक्की का?"