शाळेच्या ताटात रायगडचा वाल हवा

हरिहरेश्वरला आलेला पर्यटक देवदर्शन करतो, प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्र पाहतो आणि जेवायच्या वेळी घरगुती खानावळीत विचारतो, “इथलं खास काय?” मग त्याच्या पानात वालाचं बिरडं येतं, कुळथाची पिठी येते, सोलकढी येते. त्याच श्रीवर्धन तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत दुपारी जे शिजतं, त्यातला तांदूळ भारतीय अन्न महामंडळाकडून येतो. मूग, मटकी, तूरडाळ, तेल, मसाला हा ‘धान्यादी माल’ निविदेतून नेमलेला पुरवठादार पोचवतो. गावात घ्यायचं ते भाजीपाला आणि इंधन, एवढंच.

शालेय पोषण आहार ही योजना मोलाचीच आहे. 1995 साली केंद्राने ती सुरू केली तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. शिजवलेलं अन्नच द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 28 नोव्हेंबर 2001चा. त्यानंतर शाळाशाळांत चुली पेटल्या आणि कित्येक मुलांचं दिवसातलं सगळ्यात भरवशाचं जेवण शाळेत होऊ लागलं. आता प्रश्न आहे तो हे जेवण कुठून यावं याचा.

भातकापणी झाली की रायगडच्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. ना पाणी द्यावं लागतं, ना फारसं खत. थंडीत याच शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजून ‘पोपटी’ नावाचा पदार्थ होतो. वरकस जमिनीवर नाचणी, कुळीथ. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात ते नावालाच. कुळथात वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं. वाढत्या वयाच्या पोरांना हवं ते सगळं बांधावरच आहे, पण ते शाळेच्या पातेल्यापर्यंत पोचायला कागदावर वाट नाही.

हिशोब अगदी लहान आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 20 ग्रॅम डाळ-कडधान्य असा निकष आहे. साठ मुलांच्या शाळेला दिवसाला सव्वा किलो पुरतं. आठवड्यातून दोनदा वाल किंवा कुळीथ द्यायचं म्हटलं तर वर्षभरात जेमतेम एक क्विंटल लागेल. एकरभर शेतात तेवढं निघतं. म्हणजे एका शाळेला एक शेतकरी पुरे.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. तरणी माणसं मुंबईला. भात निघालं की मोकाट गुरं सुटतात, रानडुकरं आणि वानरं उरलेलं संपवतात. म्हणून अनेकांनी वाल पेरणंच सोडलं. कडव्या वालाला मोड आणून ते सोलायला वेळ लागतो, आणि ज्या बाईने साठ पोरांसाठी सोलायचे तिचं मानधन महिन्याला अडीच हजार रुपये. हे मानधन वाढवल्याशिवाय तिच्यावर नवं काम लादणं अन्यायाचं ठरेल. कुळथाला मात्र सोलायची कटकट नाही. सुरुवात तिथून व्हावी.

पण शेतकऱ्याने पेरणं का सोडलं, तर राखणीचे कष्ट घेऊन पिकवलेल्या मालाला ठरलेलं गिऱ्हाईक नाही, हेही एक कारण आहेच. शाळा हे तसं गिऱ्हाईक आहे. ब्राझीलने 2009 साली कायदाच केला: शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के वाटा लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करण्यावर खर्च व्हावा. शेजारच्या कर्नाटकात 2024पासून शाळांत नाचणीचं माल्ट दिलं जातं. आपल्याकडे 2025च्या जानेवारीत पाककृतींची यादी नव्याने ठरली तेव्हा नाचणी सत्त्व ऐच्छिक झालं आणि साखरेचा, अंड्यांचा खर्च लोकसहभागावर सोडला गेला. जी शाळा गरीब वस्तीत आहे, तिथे वर्गणी देणार कोण?

केंद्राच्या पीएम पोषण योजनेत, म्हणजे याच शालेय आहाराच्या योजनेत, स्थानिक पदार्थांना, महिला बचत गटांना आणि शेतकरी कंपन्यांना उत्तेजन द्या असं म्हटलेलंच आहे. उत्तेजनाने खरेदी होत नाही. त्यासाठी निविदेत तरतूद लागते. धान्यादी मालातला किमान चौथा हिस्सा तालुक्यातून घेण्याची अट घालावी, दर पेरणीआधी जाहीर करावा, माल साफ करून साठवण्याचं काम बचत गटाला द्यावं आणि पैसे महिन्याच्या आत चुकते करावेत. पावसाळ्यात दमट हवेने कडधान्याला भुंगा लागतो, म्हणून प्रत्येक केंद्रशाळेत हवाबंद कोठ्या द्याव्यात.

वालाची पेरणी भातकापणीच्या पाठोपाठ होते. त्यामुळे दर आणि हमी दसऱ्यापर्यंत गावात कळली, तरच त्या हंगामात कोणी बियाणं बाहेर काढेल.