साडेचौतीसचे किती?

मागच्या रविवारी मीरा रोडला शांतीनगरात ताईकडे गेलो होतो. चपला काढायच्या आतच भाचीने गाठलं. "मामा, कॉम्प्युटर चुकतोय!"

आठवीतली ही मुलगी. गुण पूर्णांकात आणून पास की नापास ते सांगणारा प्रोग्रॅम तिने पायथॉन भाषेत लिहिला होता. साडेचौतीस दिले की तो म्हणे ३४, म्हणजे नापास! साडेपस्तीसचे मात्र ३६. तिच्या पुस्तकात तर स्वच्छ छापलेलं, अर्धा आला की वरचा आकडा. (पुस्तक फोर्टच्या फुटपाथवरून मीच आणलेलं, म्हणून जरा ओशाळलो.)

गंमत अशी, की चूक कॉम्प्युटरची नव्हती आणि पुस्तकाचीही नव्हती. प्रत्येक भाषेबरोबर तयार फंक्शनांचा एक साठा येतो. त्याला लायब्ररी म्हणतात. त्यातल्या 'राउंड' या फंक्शनचा नियम २००८ साली पायथॉन ३ आली तेव्हा बदलला. आता नेमका अर्धा आला, तर जवळची सम संख्या. असं का? १.५, २.५, ३.५ आणि ४.५ यांची बेरीज करा. १२ येते. सगळे अर्धे वर ढकलले तर २, ३, ४, ५ मिळून १४! सम संख्या घेतल्या तर २, २, ४, ४, म्हणजे पुन्हा १२. आहे की नाही हुशारी?

पण नियम बदलला की त्याची माहितीही त्याच वेळी बदलावी लागते, नाहीतर माझ्या भाचीसारखे कितीतरी जण फसतील. म्हणून पायथॉनच्या माहितीवर आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि अमुक आवृत्तीत हे बदललं अशा नोंदीही असतात. टिम पीटर्स या प्रोग्रॅमरने तर 'डॉकटेस्ट' नावाची युक्ती काढली. ती २००१ पासून पायथॉनबरोबरच मिळते. माहितीत दिलेली उदाहरणं ती खरोखर चालवून बघते आणि छापलेलं उत्तर जुळलं नाही की ओरडते.

मात्र ती तपासते फक्त उदाहरणं. 'अर्धा आला की वर' असं साधं वाक्य जुनं होऊन पडलं असेल, तर ते तिला कळत नाही. ते माणसालाच वाचावं लागतं. असं वाक्य बरेचदा सापडतं ते भाचीसारख्या, उत्तर जुळेना म्हणून हट्टाला पेटलेल्या वाचकाला. त्याने कळवलं की सांभाळणारे दुरुस्त करतात.

प्रोग्रॅमचं काय झालं? गुणांत अर्धा मिळवायचा आणि मग अपूर्णांक गाळून टाकायचा. साडेचौतीसचे ३५ झाले! भाचीने पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, "फक्त पायथॉन २ साठी." मग मला म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी तारीख बघून आण."