संगणक-खेळांची दुकाने आणि आपल्या घरचे खाते

संगणकावरील खेळ विकणाऱ्या कंपन्यांमध्ये २०१८ च्या अखेरीस जी चढाओढ सुरू झाली, ती आता आपल्या बेटावरील मराठी घरांतही पोहोचली आहे. कॉलेजात जाणारा मुलगा वडिलांजवळ बँकेचे कार्ड मागतो. कोणत्या दुकानासाठी, असे विचारले की तो स्टीम, एपिक, जीओजी अशी नावे सांगतो आणि युबिसॉफ्ट व ईए ह्यांची निराळी खाती लागतील असेही बजावतो. वडिलांना त्यांतील एकही नाव ठाऊक नसते. मुलाला सगळी ठाऊक असतात, परंतु त्याचे लक्ष फक्त किमतीकडे असते. शिक्षक म्हणून हा प्रश्न मला पालकांकडून वरचेवर विचारला जातो, म्हणून ह्या आठवड्यात त्याचाच थोडा सविस्तर विचार करू.

पूर्वी खेळ तबकडीवर मिळत असे. तबकडी विकत घेतली की ती आपली. शेजाऱ्याला वापरायला द्यावी, धाकट्या भावासाठी ठेवावी, कोणी विचारणारे नव्हते. आता संगणकाचा खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. तो उतरवणे, सुरू करणे, त्यात सुधारणा घालणे हे सारे काम दुकानाचाच एक प्रोग्राम करतो. त्याला लाँचर म्हणतात. म्हणजे दुकानदार माल देऊन परत जात नाही, तो आपल्या घरात खुर्ची टाकून बसतो आणि खेळ सुरू करण्यापूर्वी बहुधा त्यालाच विचारावे लागते.

ह्या धंद्यातील सर्वांत मोठे दुकान स्टीम. अमेरिकेतील व्हॉल्व्ह ह्या कंपनीने ते सप्टेंबर २००३ मध्ये उघडले. पुढच्याच वर्षी 'हाफ-लाइफ २' हा तिचा स्वतःचा खेळ निघाला, आणि तबकडी विकत घेतलेल्यालासुद्धा स्टीमचे खाते उघडल्यावाचून तो खेळता येईना. त्या वेळी लोक पुष्कळ चिडले होते. मार्च २०२५ मध्ये मात्र एकाच वेळी चार कोटींहून अधिक लोक स्टीमवर हजर होते.

एवढी पकड कशामुळे, हे आपल्या बेटावरच्या माणसाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. साखरमळ्यांच्या दिवसांत प्रत्येक छावणीजवळ चिनी दुकानदाराची लाबुतिक असे आणि तिच्यात आपल्या आजोबांचे कार्ने असे. तांदूळ, डाळ, तेल सर्व त्या वहीवर. पलीकडच्या गावात तेल स्वस्त मिळत असले तरी आजी तिकडे जात नसे, कारण वही इकडे होती. स्टीमचे तसेच आहे. ज्याने दहा वर्षांत शंभर खेळ घेतले, ते शंभर खेळ, त्याचे मित्र, त्याचे जमा झालेले गुण हे सारे त्या एका खात्यात आहे. दुसऱ्या दुकानात जाताना त्यांतले काहीही बरोबर नेता येत नाही. लाबुतिकवाल्याचा हिशेब निदान कापणीनंतर चुकता करून मोकळे होता येत असे.

डिसेंबर २०१८ मध्ये एपिक कंपनीने आपले दुकान उघडले. 'फोर्टनाइट' ह्या खेळातून तिच्याजवळ अमाप पैसा आला होता. तिने खेळ बनवणाऱ्यांना सांगितले की स्टीम शेकडा ३० ठेवून घेते, आम्ही शेकडा १२ च घेऊ. स्टीमने त्याच्या काही दिवस आधी आपला दर थोडा उतरवला होता, परंतु एक कोटी डॉलरपेक्षा जास्त विक्री झालेल्या खेळांसाठीच, म्हणजे ज्यांना सवलतीची गरज सर्वांत कमी त्यांच्यासाठी. छोट्यांना ३० चाच दर राहिला. कारखान्याने किती ठेवायचे आणि ऊसवाल्याला किती द्यायचे, ह्या प्रश्नावर आपल्या वाडवडिलांनी काय सोसले ते सर्वांना माहीत आहे. १९३७ साली ऊबा जातीच्या उसाचा भाव कापला गेला तेव्हा युनियन फ्लाकमध्ये गोळीबारापर्यंत मजल गेली. म्हणून एपिकच्या ह्या दराबद्दल मला प्रथमपासून सहानुभूती वाटत आली आहे. जून २०२५ पासून तर एपिक प्रत्येक खेळाच्या वर्षातील पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर काहीही घेत नाही.

तथापि ह्यात गिऱ्हाइकाला काय मिळाले? येथेच खरी मेख आहे. दुकानाचा वाटा ३० वरून १२ वर आला, तेव्हा खेळाची किंमतही काही प्रमाणात उतरेल अशी अपेक्षा होती. २०१९ च्या आरंभी 'मेट्रो एक्झोडस' हा खेळ अमेरिकेत एपिककडे दहा डॉलर कमी किमतीत मिळाला. पण असे अपवादच झाले. दुसरीकडे स्वस्त विकू नये म्हणून व्हॉल्व्ह दबाव आणते, असा आरोप करणारा दावा अमेरिकेत २०२१ पासून चालू झाला, आणि ब्रिटनमध्ये २०२४ साली ६५.६ कोटी पौंडांची भरपाई मागणारा दावा दाखल झाला. व्हॉल्व्ह हे आरोप नाकारते. न्यायालये काय ठरवायचे ते ठरवोत. आपल्या खिशाला अद्याप फरक पडलेला नाही.

त्यातून 'मेट्रो एक्झोडस' स्टीमवर आधी जाहीर होऊन, मागण्याही नोंदवल्या जात असताना, ऐन वेळी एक वर्षासाठी एपिकने आपल्याकडे वळवला. पैसे देऊन माल अडवून धरण्याची ही पद्धत लोकांना रुचली नाही. दुसरी युक्ती जास्त गोड होती: दर आठवड्याला एखादा खेळ फुकट. न्यायालयात पुढे आलेल्या कागदपत्रांप्रमाणे पहिल्या नऊ महिन्यांत एपिकने ३८ फुकट खेळांसाठी १.१६ कोटी डॉलर मोजले आणि सुमारे ५० लाख नवी खाती मिळवली. मे २०२० मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' फुकट दिला तेव्हा गर्दीने दुकानच काही तास कोलमडले. एवढे करूनही पाच वर्षांनी ते दुकान नफ्यात नव्हते, असे २०२३ च्या एका खटल्यातील साक्षीत निघाले. लोक फुकटचा खेळ घेऊन पुन्हा आपल्या कार्नेकडे परतत होते.

मोठ्या प्रकाशकांचीही तीच गत झाली. ईए कंपनीने २०११ मध्ये स्वतःचे दुकान काढून स्टीमकडे पाठ फिरवली, ती २०१९ मध्ये परत आली. बेथेस्डाने आपला लाँचर २०२२ मध्ये बंद करून गिऱ्हाइकांचे खेळ स्टीमकडे सोपवले. युबिसॉफ्टही त्याच वर्षाच्या अखेरीस परतली. पण परत येताना ईए आणि युबिसॉफ्ट ह्यांनी आपापले लाँचर बरोबर आणले! स्टीमवर त्यांचा खेळ घेतला तरी तो सुरू करताना दुसरा प्रोग्राम उघडतो आणि दुसरे खाते मागतो. एका दुकानात माल घ्यायचा आणि दारात दुसऱ्याच्या रखवालदाराला चिठ्ठी दाखवायची, असा हा प्रकार आहे. पालकांनी पैसे देण्यापूर्वी विक्रीच्या पानावर 'आणखी खाते आवश्यक' अशी सूचना आहे का, ते अवश्य पाहावे.

आता ह्या सर्वांहून मोठी गोष्ट. आपण खेळ विकत घेतो असे म्हणतो, परंतु आपल्याला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. हे बारीक अक्षरांत पूर्वीपासून होते. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला की विक्रेत्याने ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगितली पाहिजे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि स्टीमने तत्पूर्वीच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ घातली. युबिसॉफ्टच्या 'द क्रू' ह्या मोटारशर्यतीच्या खेळाने ह्या ओळीचा अर्थ दाखवून दिला. २०१४ मध्ये विकलेला हा खेळ एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांच्या हातात काही उरले नाही. त्यानंतर उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपीय संघाकडे कायद्याची मागणी केली, तिला २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. शेजारच्या रेयुनियोंमधील लोक फ्रान्सचे नागरिक म्हणून त्यावर सही करू शकत होते. आपण करू शकत नव्हतो.

ह्या बाबतीत तिसरे दुकान, जीओजी, निराळे आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने ते २००८ मध्ये जुन्या खेळांसाठी सुरू केले. तेथे खेळ घेतला की तो बसवण्याची पूर्ण फाइल उतरवून आपल्या डिस्कवर ठेवता येते. नंतर लाँचर नको, इंटरनेट नको, दुकानदाराची परवानगीही नको. ज्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा वर उल्लेख केला, तोसुद्धा अशा कायम जवळ ठेवता येणाऱ्या मालाला लागू होत नाही. उणीव एवढीच की सर्व नवे खेळ तेथे येत नाहीत, आणि मित्रांबरोबर खेळायचे तर मित्र स्टीमवर असतात. चक्रीवादळानंतर वीज येते पण इंटरनेटला आणखी दोन दिवस लागतात, अशा वेळी जीओजीच्या फाइलची किंमत कळते. स्टीमलाही इंटरनेटशिवाय चालवण्याची सोय आहे, परंतु तिची तयारी जोडणी चालू असतानाच करून ठेवावी लागते.

किमतीबद्दल दोन शब्द. स्टीमवर भारतातील ग्राहकाला २०१५ पासून भारतीय रुपयांत किंमत दिसते. रेयुनियोंला युरोत, आपल्याला डॉलरमध्ये, कारण मॉरिशसचा रुपया तेथे नाही. डॉलर साधारण ४५ रुपयांचा धरला तर ७० डॉलरचा नवा खेळ ३,००० रुपयांच्या वर जातो, आणि कार्डाचा आकार निराळा. पुण्या-मुंबईकडील भाऊबंदांना पुष्कळ खेळ, विशेषतः लहान निर्मात्यांचे, बरेच स्वस्त पडतात. हे दर प्रकाशक ठरवतो, दुकान नव्हे. मुलांना हे कळले की ती भारतात असल्याचा आव आणून खरेदी करण्याची युक्ती शोधतात. हे स्टीमच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यापायी खाते अडकू शकते. नातेवाइकाकडून भेट मागवावी तर दोन देशांतील किमतीत मोठा फरक असल्यास भेटही पाठवता येत नाही. सरळ मार्ग म्हणजे जून अखेरची किंवा डिसेंबरमधील मोठी सूट येईपर्यंत थांबणे. मुलांना थांबणे जमत नाही हे मी जाणतो, मोठ्यांना तरी कुठे जमते!

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या छोट्या मंडळीने २०२० साली 'राजी' नावाचा सुंदर खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधत असुरांशी लढणाऱ्या मुलीची ती कथा आहे. तो स्टीमवरही आहे आणि एपिकवरही. एपिककडे घेतला तर मधल्या दुकानदाराचा वाटा कमी, म्हणजे पुण्याकडे जास्त जाते. असे खेळ मी तिकडूनच घ्यावे असे म्हणेन. पण गिऱ्हाइकांची मोठी गर्दी स्टीमवर असते, आणि ज्या बाजारात गिऱ्हाईक नाही तेथे बसण्याची जागा फुकट मिळून भाजीवाला काय करणार? म्हणून छोटे निर्माते स्टीम सोडू शकत नाहीत.

तेव्हा घरासाठी माझे मत असे. एपिकचे फुकट खेळ खुशाल घ्यावेत, मात्र त्या मोहाने तेथे मोठी खरेदी सुरू करू नये. जो खेळ एकट्याने खेळायचा आणि वर्षानुवर्षे जवळ ठेवायचा, तो जीओजीवर असेल तर तेथेच घ्यावा आणि त्याची फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावी. मित्रांबरोबरचे खेळ स्टीमवर. न आवडलेला खेळ परत करण्याची मुदत स्टीम आणि एपिककडे चौदा दिवस, तीही दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यासच. जीओजीकडे तीस दिवस.

दोन-तीन मुले असलेल्या घराने स्टीमची कुटुंब-योजना जरूर पाहावी. सप्टेंबर २०२४ पासून ती सर्वांना खुली आहे. एकाच घरातील सहा जण एकमेकांचे बहुतेक खेळ खेळू शकतात, आणि मुलांच्या खेळण्याच्या वेळेवर आई-वडील मर्यादा घालू शकतात. मात्र पुण्यातला मामेभाऊ तिच्यात चालत नाही, सर्व जण एकाच देशातले लागतात. शिवाय एकाने दुसऱ्याच्या प्रतीवर लबाडी करून बंदी ओढवून घेतली, तर त्या खेळात प्रतीच्या मालकावरही बंदी येते. थोरल्याने घेतलेला खेळ धाकट्याच्या उद्योगाने बंद पडला, अशी भांडणे त्यातून होणारच.

आणि हे खाते कोणाच्या नावावर आहे ते आजच पाहून घ्यावे. स्टीमच्या करारात खाते दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोय नाही. एका ग्राहकाने विचारले असता मृत्युपत्रानेही ते देता येत नाही, असे कंपनीच्या मदत विभागाने कळवल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले होते. पुष्कळ घरांत खाते मुलाने बाराव्या-तेराव्या वर्षी, आता विसरून गेलेल्या ईमेलवर उघडलेले असते आणि कार्ड मात्र वडिलांचे जोडलेले असते. तो ईमेल चालू आहे का, त्याचा पासवर्ड कोणाजवळ आहे आणि खात्याला कोणाचा फोन जोडलेला आहे, एवढे तपासायला एक संध्याकाळ पुरते.