घर बांधण्याआधी कळस?

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. महाविद्यालयीन मैदाने गाजविलेल्या तरुणांना सर्व संघ क्रमाक्रमाने निवडून घेतात. १९३६ साली सुरू झालेल्या या प्रथेमागे समतेचे तत्त्व आहे. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिल्या निवडीचा मान मिळतो आणि विजेत्याची पाळी अखेरीस येते. दुर्बळाला हात देणारी ही व्यवस्था स्तुत्यच म्हटली पाहिजे. तरीही या हाताचा आधार घेताना दुर्बळ संघच वारंवार ठेचाळतात, आणि ते प्रामुख्याने क्वार्टरबॅकच्या निवडीत, असे का व्हावे?

क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू हाती येताच तो दूर फेकावा, सहकाऱ्याच्या हाती द्यावा की स्वतः घेऊन धावावे, याचा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत करावा लागतो. असा खेळाडू सुरुवातीलाच निवडावा, या मताला भक्कम आधार आहे. २०११ च्या करारापासून नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमानुसार मर्यादित झाले आहे. त्यामुळे गुणी तरुण लाभला, तर पहिली काही वर्षे उरलेला पैसा इतर खेळाडूंवर खर्च करता येतो. तेव्हा मोह स्वाभाविक आहे. पण मोह म्हणजे पारख नव्हे.

पारख किती चुकते, याचे उदाहरण १९९८ चे. इंडियानापोलिसने पहिल्या क्रमांकावर पेटन मॅनिंगला, तर सॅन डिएगोने लगेच दुसऱ्या क्रमांकावर रायन लीफला निवडले. मॅनिंग थोर ठरला. लीफची कारकीर्द अल्पावधीत संपली. मात्र मॅनिंगलाही पहिल्या हंगामात अठ्ठावीस फेकी प्रतिपक्षाच्या हाती द्याव्या लागल्या व संघाने सोळांपैकी तेरा सामने गमावले, हे विसरून चालणार नाही. संघाने धीर धरला आणि पुढच्याच वर्षी तेरा सामने जिंकले.

धीरासोबत आधारही लागतो. २००२ साली नव्यानेच स्थापन झालेल्या ह्यूस्टन संघाने पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कारला घेतले आणि लगेच मैदानात उतरविले. त्याच्या रक्षणास पुढची फळी समर्थ नव्हती. त्या एका हंगामात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला चेंडूसह ७६ वेळा लोळविले. अशा माऱ्याखाली कोणत्या तरुणाची नजर स्थिर राहील? याउलट कॅन्सस सिटीने २०१७ साली दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक माहोम्सला घेतले, तेव्हा तो संघ आधीच सुस्थितीत होता. अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे माहोम्स जवळजवळ वर्षभर शिकत राहिला. पुढे त्याने संघाला तीन अजिंक्यपदे मिळवून दिली.

सुस्थितीतील संघाची पारख चुकत नाही, असेही नाही. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोने पुढील वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडीही देऊन तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्सला घेतले. दुखापतीही आड आल्या आणि दोन वर्षांतच त्याला दुसऱ्या संघाकडे धाडावे लागले. तरी तो संघ बुडाला नाही. कारण बाकीचा डोलारा भक्कम होता. २०२२ मध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॉक पर्डीला घेऊन तो २०२३ च्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

तात्पर्य, बलवान संघ चुकीची निवड पचवू शकतो व योग्य निवड फुलवू शकतो. दुर्बळ संघाला दोन्ही अवघड जाते. पण दुर्बळांनी क्वार्टरबॅक घेऊच नये काय? तसे नाही, पहिला क्रमांक पुन्हा लाभेलच याची शाश्वती नसते. मात्र निवड करावी ती पारखीच्या बळावर, हताशेपोटी नव्हे. त्यासाठी पुढील वर्षांच्या निवडी गहाण टाकू नयेत, आधी पुढची फळी उभारावी आणि त्या मुलाला शिकण्यास अवधी द्यावा. बाविशीच्या तरुणाच्या खांद्यावर साऱ्या शहराची आशा लादायची आणि दोन वर्षांत त्यालाच अपयशी ठरवायचे, यात पराभव त्याचा कमी व निवडणाऱ्यांचा अधिक असतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. त्याची किंमत मात्र साऱ्या वऱ्हाडाला मोजावी लागते.