बंद गच्ची आणि मराठी बालसाहित्य

मराठी बालसाहित्यात घराचे चित्रण विपुल आहे. इमारतीचे मात्र विरळ. घर आणि इमारत हे दोन भिन्न अवकाश आहेत, हा भेद आपल्या समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (१९३५) उंबरठ्याच्या आत आई आहे आणि उंबरठा ओलांडला की थेट गाव. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो आणि सायकलवरून शहर पालथे घालतो. जिना, लिफ्ट, गच्ची यांच्याशी त्याचे फारसे देणेघेणे नाही. घर आणि रस्ता यांच्या मधला, अनेक कुटुंबांच्या सामाईक मालकीचा टप्पा दोन्हीकडे गैरहजर आहे.

या संदर्भात कात्रजचे उदाहरण उद्बोधक ठरते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेण्यात आले. त्या पाण्यावर वाडे नांदले, आणि पुणेरी बालपणाचे साहित्यिक चित्रही दीर्घकाळ त्याच हौदा-चौकाभोवती घोटाळत राहिले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे व वाडे कोसळले. पुढे १९६३ च्या सदनिका-मालकीविषयक आणि १९७० च्या अपार्टमेंटविषयक कायद्यांनी नव्या निवासाला चौकट दिली व वस्ती दक्षिणेकडे सरकत घाटाच्या पायथ्याला पोहोचली. पाणी ज्या वाटेने शहरात गेले, त्याच वाटेने माणसे उलट आली. साहित्य मात्र हौदापाशीच रेंगाळले.

सदनिकेला अंगण नाही म्हणून तिथे गोष्टही नाही, हा युक्तिवाद स्मरणरंजनातून आलेला आहे. आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी १९५५ मध्येच स्टॉकहोममधील एका सामान्य इमारतीच्या छपरावर कार्लसनचे घर बांधून दाखवले. आपल्याकडे छपराला कुलूप असते आणि किल्ली सेक्रेटरींकडे. पण गोष्टीला याहून चांगला आरंभ कोणता हवा? पार्किंगमध्ये खेळण्यास मनाई करणारा फलक, चेंडू ज्यांच्या गॅलरीत गेला ते काका, जिन्याखालच्या खोलीत राहणारे वॉचमनचे कुटुंब, या सर्वांत संघर्षबीज आहे. त्यातही शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. एकाच शाळकरी वयाची दोन मुले, एकाचे वडील सभासद, दुसऱ्याचे फाटकावर. विषमता वाड्यातही होतीच (मालक आणि बिऱ्हाडकरू यांचे संबंध काही सलोख्याचेच नसत). इमारतीत ती ठरावाच्या भाषेत सूचनाफलकावर लागते आणि नुकते वाचू लागलेले मूल ती अक्षर लावून वाचते. हा अनुभव बालकथेत क्वचितच येतो, कारण तिचा निवेदक बहुधा सदनिकेच्या दाराआत उभा असतो.

अपवाद आहेत. दिलीप प्रभावळकरांच्या बोक्या सातबंडेच्या उचापतींना शेजारपाजार लागतोच. माधुरी पुरंदरे यांच्या 'सख्खे शेजारी' या शीर्षकात तर रक्ताच्या नात्याचे विशेषण भिंतीपलीकडच्या माणसांना लावले गेले आहे. नागर निवासाचा एवढा नेमका अर्थ आपल्या कित्येक समीक्षालेखांनाही सापडलेला नाही. तथापि सख्खेपणाची ही कक्षा जिन्याखालच्या खोलीपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न मराठी बालसाहित्यापुढे अजून उभा आहे.

भाषेचा मुद्दा याहून अवघड. सातारा रस्त्याच्या टोकाशी असलेल्या कात्रजच्या एका जिन्यात साताऱ्याकडची, सोलापूरची, मराठवाड्याची मराठी एकाच संध्याकाळी कानावर पडते, आणि अधूनमधून कानडी वा हिंदीही. मुले खेळताना या बोलींची सर्रास देवाणघेवाण करतात, एकमेकांचे हेल उचलतात, त्यावरून चिडवतातही. छापील पुस्तकात मात्र ही सारी मुले सदाशिव पेठेत वाढल्यासारखी बोलतात.