धरण लहान, पण खाली कोण राहतं?

मैत्रिणींनो, धरण म्हटलं की आपल्याला विस्थापन आठवतं. धरणाच्या वर बुडालेल्या गावांसाठी आपण मोर्चे काढले. बांधाच्या खाली झोपणाऱ्या बाईचा प्रश्न आपल्या ठरावांत फारसा आला नाही.

२ जुलै २०१९ हा एकच दिवस बघा. पहाटे मालाडच्या टेकडीवर महापालिकेच्या जलाशयाची आवारभिंत मागे तुंबलेल्या पावसाच्या पाण्यासह झोपड्यांवर कोसळली. त्याच रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे इथलं मातीचं धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना!

ही दोन्ही बांधकामं सार्वजनिक होती. निदान जाब कुणाला विचारायचा ते ठाऊक होतं. केनियात सोलाई इथे ९ मे २०१८ ला एका खासगी मळ्यातलं मातीचं धरण फुटून चाळीसहून अधिक माणसं मेली. आपल्याकडे एखाद्या फार्महाऊसवाल्याने ओढा अडवून बांध घातला तर त्याची तपासणी कोण करणार?

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा खासगी मालकालाही लागू आहे. धोक्यानुसार वर्गवारी, आणीबाणीचा आराखडा, सगळं त्यात आहे. पण कुठल्या धरणांना? १५ मीटरहून उंच असलेल्यांना. १० ते १५ मीटरमधलं धरण लांबी, साठा, पूर अशा एखाद्या अटीत बसलं तरच. १० मीटरच्या आतलं सुटलं. म्हणजे तीन मजली चाळीएवढा बांध कायद्याच्या लेखी नाहीच!

वास्तविक धोकावर्ग ठरवताना धरण किती मजबूत आहे हे बघत नाहीत. फुटलं तर खाली कुणाचं काय जाईल, हे बघतात. धडधाकट धरणाखाली वस्ती असेल तर ते वरच्याच वर्गात जायला हवं. मग उंचीची चाळणी आधी का? शिवाय वर्ग कायमचा नसतो. बांध घातला तेव्हा खाली माळरान असेल, दहा वर्षांनी तिथे वीटभट्टीवाल्यांच्या झोपड्या येतात. त्या मतदारयादीत नाहीत, सातबाऱ्यावर नाहीत. मोजणीत त्या शून्य धरल्या की धरण कागदावर ‘कमी धोक्याचं’ ठरतं. आमच्या नाहूर-भांडुपच्या डोंगरउतारावर काम करताना हे गणित रोज दिसतं. ज्या घराला कागद नाही, ते पाण्याच्या वाटेत असलं तरी सरकारी नकाशात नसतं. दुर्घटना घडली की मात्र तेच ‘अतिक्रमण’ म्हणून लगेच सापडतं.

तेव्हा यादी आपणच करू या. बांधाखालची प्रत्येक चूल मोजायची, भाडेकरू आणि हंगामी मजूर बायकांसकट. ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायची आणि तहसीलदाराकडून पोच घ्यायची. मालकाचं नाव, सांडवा मोकळा आहे का, बांधावर झाडं वाढलीत का, हेही लिहायचं. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की माती कापली जाते, म्हणून सांडवा महत्त्वाचा. आणि ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायचं, कारण पाझर त्यांना आधी दिसतो. स्वच्छ पाझरावर लक्ष ठेवायचं. तो गढूळ झाला तर आतली माती वाहते आहे असं समजून त्याच दिवशी तहसीलदाराला कळवायचं आणि वस्ती हलवायची. सूचना फक्त पुरुषांच्या मोबाइलवर येऊन भागणार नाही. रात्री कुणी कुणाचं दार ठोठवायचं, हे पावसाळ्याआधी ठरलेलं असावं.