बिचारी म्हणू नका

सध्या रोज रात्री लेकीबरोबर एक जुनी जपानी कार्टून मालिका बघतोय. 'आकागे नो आन', म्हणजे लाल केसांची अ‍ॅन. इसाओ ताकाहातांनी १९७९ साली केलेली, ५० भागांची. मूळ गोष्ट माँटगोमेरीबाईंच्या १९०८ च्या कादंबरीतली, कॅनडाची. शेतीला हातभार म्हणून अनाथाश्रमातून मुलगा मागवलेला असतो आणि चुकून येते ही अ‍ॅन!

त्यात शेजारच्या रेचेलबाई नव्या पोरीला 'बघायला' येतात आणि तोंडावरच तिच्या हडकुळेपणाला, लाल केसांना नावं ठेवतात. अ‍ॅन पाय आपटत त्यांच्यावर तुटून पडते. लेक खुदकन हसली. मला हसू येईना.

कारण मागच्याच महिन्यात एका परिचितांच्या मुलाचा वाढदिवस करायला आम्ही साक्रीहून गाडी करून एका बालगृहात गेलो होतो. मुलींना रांगेत उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, केक भरवतानाचे फोटो काढले. रात्रीपर्यंत ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेही. आमच्यातल्या एका काकूंनी एका मुलीची हनुवटी धरून विचारलं, "पोरी, तुना मायबाप कोठे शेतस?" ती खाली बघत राहिली. मी शेजारीच समोशाची प्लेट घेऊन उभा होतो. गप्प.

याला आपण दान म्हणतो. मला विचाराल तर ही आपली करमणूक आहे. केकच्या एका तुकड्यात आपण दुसऱ्याच्या मुलीचं दुःख बघायचा हक्क विकत घेतो, वर तिने फोटोत हसावं ही अपेक्षा! "पण त्यांना तेवढाच आनंद," असं कोणी म्हणेल. गोड कुणाला आवडत नाही? मग केक पाठवा आणि घरी बसा. स्वतःच्या मुलीला वीस परक्यांपुढे असं उभं कराल का?

मॅरिला अ‍ॅनशी कडक वागते, कामाला लावते, रेचेलबाईंची माफीही मागायला लावते. पण शाळेत घालते, शिकवते. पुढे अ‍ॅन परीक्षेत शिष्यवृत्ती मिळवते, ती कुणाच्या दयेने नव्हे.

आपल्याकडे हे नवीन आहे का? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली केडगावला आणल्या आणि त्यांना छापखान्याचं काम शिकवलं. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. म्हणजे अर्ज, कागद, खेटे. त्या रांगेत आपल्यासारखे केकवाले किती दिसतात?

पुढच्या महिन्यात लेकीचा वाढदिवस. केक घरीच कापू. बालगृहात मी एकटा जाईन आणि अधीक्षकांना एवढंच विचारेन, की कुणाचं प्रमाणपत्र अडलंय का? फोन खिशातच राहील.

असो. तुम्ही काय करणार आहात?